मासोळी पुन्हा अंडी केव्हा घालते?

(आर्णी येथे दिलेले भाषण)

मंडळी, आज मासोळीबद्दल चार गोष्टी बोलू. आपल्या आर्णीजवळून अरुणावती वाहते. वर दिग्रसकडे तिच्यावर मोठे धरण आहे. मासोळी आपण धरतो, विकतो, खातो. पण एकदा अंडी घातलेली मासोळी पुढच्या साली पुन्हा अंडी घालते काय? हे कोणी विचारत नाही.

आधी गाईचे घ्या. गाय व्याली. वासरू पिते, दूधही काढले जाते. वैरण मात्र पुरेशी नाही. मग तिची हाडे दिसू लागतात आणि ती लवकर माजावर येत नाही. आधी अंग भरते, मग पुढचे वेत. मासोळीचेही असेच असते.

रोहू, कटला, मृगळ या आपल्या ओळखीच्या मासोळ्या. पावसाळ्यात नदीला पूर आला की त्या पाण्याच्या उलट चढतात आणि अंडी घालतात. तळ्याच्या साचल्या पाण्यात त्या सहसा अंडी घालत नाहीत. रोहूच्या मादीला दर किलो वजनामागे सुमारे दोन लाख अंडी असतात. दोन लाख, बरं का!

एवढी अंडी भरतात कशाने? अंड्यातला बलक मादीच्या कलेजीत तयार होतो आणि रक्तातून अंड्यात जातो. त्याला लागणारा माल तिच्याच अंगातला. तिचे मांस, तिची चरबी, तिने खाल्लेले अन्न. माघ-फाल्गुनात अंडी भरू लागतात. मिरगापर्यंत पोट टम्म होते.

अंडी टाकली की मादी रिकामी होते. तिथून माघापर्यंतचे महिने तिला अंग भरायला मिळतात. या दिवसांत चारा मिळाला, तर ती पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तयार होते. नाही मिळाला तर? मग अंडी थोडी येतात. कधी भरू लागलेली अंडी तिचे अंगच परत जिरवून टाकते. थंड समुद्रात कॉड नावाची मासोळी असते. नॉर्वेकडच्या विद्वानांनी तिची तपासणी केली. रोड झालेल्या, कलेजी लहान असलेल्या कितीतरी माद्या ते वर्ष सोडून देतात, असे त्यांना दिसले. यात नवल नाही. घरात खायलाच दाणे नसतील, तर पेरायला बी कोठून काढणार?

कोणी म्हणेल, मग मासोळीला खूप चारू. तेही बरे नाही. फार खाल्लेल्या मादीच्या आतड्याभोवती चरबी साचते आणि अंडी नीट होत नाहीत. अंग भरलेले हवे, पण सुटलेले नको.

ओळखायचे कसे? सारख्या लांबीच्या दोन माद्या तराजूत घाला. जी जड, ती चांगली. डोके मोठे आणि पाठ वाळलेली दिसली, तर ती उपाशी आहे असे समजा. मात्र हे तोलणे अंडी भरण्याआधी करा. नाही तर अंड्यांचेच वजन भरते आणि आपण फसतो.

आपल्या तळ्यात सोडायचे बी येते तेही अशाच माद्यांचे. १९५७ साली, १० जुलैला, हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात अंगुल येथे एक मोठी गोष्ट केली. मासोळीच्या मेंदूखालच्या बारीक ग्रंथीचा रस टोचून त्यांनी मोठ्या जातीच्या मासोळीकडून नदीशिवाय अंडी घेतली. तेव्हापासून बीजकेंद्रांचे काम सोपे झाले. पुढे भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथील सरकारी संस्थेने दाखवले, की चांगला आहार दिल्यास तीच मादी दीड-दोन महिन्यांनी, त्याच हंगामात, दुसऱ्यांदाही अंडी देते. पण सुई टोचली म्हणून अंडी येत नाहीत. पोटात तयार असलेली अंडीच सुई बाहेर काढते. उपाशी मादीला टोचून काय निघणार?

म्हणून ज्यांच्याकडे बीज काढायच्या माद्या आहेत, त्यांनी त्या वेगळ्या तळ्यात ठेवाव्या. गर्दी करू नये. भुईमुगाची ढेप आणि तांदळाचा कोंडा सारखा मिसळून रोज ठरल्या वेळी घालावा. अंडी काढली की त्याच आठवड्यापासून चारा सुरू करावा. पुष्कळ लोक नेमके तेव्हाच हात आखडतात. काम झाले ना, मग खर्च कशाला, असे म्हणतात.

नदीवरच्या माणसांचे काम वेगळे. पुरात चढणारी मोठी मादी जाळ्यात सापडली, तर मोह होतोच. चांगला भाव मिळतो. पण ती मोठी आहे, कारण ती बरेच पावसाळे जगली आहे. तिच्या पोटात लहान मादीच्या कितीतरी पट अंडी आहेत. तिला त्या दिवशी सोडून दिले, तर तिची अंडी पुराच्या पाण्यात पडतील. आणि अंग भरले, तर पुढच्या पावसाळ्यात ती परत चढेल.