सुभेदार रामजी : लेकरासाठी जागणारा बाप

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही दोन शब्द बोलतो. बाबासाहेबांच्या विद्वत्तेवर बोलणारे मोठमोठे लोक आहेत. आम्ही आज त्यांच्या वडिलांविषयी बोलणार आहोत. जयंतीला आपण रामजीबाबांचे नाव घेतो आणि पुढे जातो. पण घर चालवणारा बाप म्हणून हा माणूस कसा होता, हे आपल्यासारख्या चाळी-वस्तीत राहणाऱ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

रामजी मालोजी सकपाळ हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे. लष्करात सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले आणि लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापकी केली. महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. ते चौदावे अपत्य. चौदांपैकी जगली पाच : बाळाराम, आनंदराव, भीमराव हे तीन मुलगे आणि मंजुळा, तुळसा या दोन मुली. बंधू-भगिनींनो, ज्या बापाने आपल्या हाताने इतकी लेकरे मातीआड केली, त्याचे काळीज कसे असेल, याचा विचार करा.

पेन्शनीत निघाल्यावर रामजीबाबा काही काळ दापोलीला आणि पुढे सातारला राहिले. सातारलाच भीमाबाई गेल्या. बाबासाहेब तेव्हा पाच-सहा वर्षांचे. घरात आली ती रामजींची बहीण मीराआत्या. पाठीला कुबड, पण पोरांवर जीव. बाप सुभेदार असला तरी सातारच्या न्हाव्याचा वस्तरा या पोरांच्या डोक्याला लागत नव्हता. थोरली बहीण भावांचे केस कापायची. हुद्दा मोठा होता, जात त्याहून मोठी ठरत होती.

पुढे नोकरीनिमित्त रामजीबाबा खटाव तालुक्यात होते. दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे ते खजिनदार. 1901 साली पोरे त्यांना भेटायला निघाली. पण पत्र आलेले नोकराने रामजींना सांगितलेच नाही. मसूर स्टेशनावर पोरे ताटकळली. जात कळल्यावर गाडीवाला मिळेना, रात्रभर पाणी मिळेना. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आम्हाला वाटते, दुसऱ्या दिवशी ती दमलेली पोरे दारात बघून त्या बापाला काय वाटले असेल, तेही आपण कधीतरी मनात आणावे.

आता आम्ही देव्हाऱ्यातला बाप सांगत नाही. रामजींनी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर दिसले आणि लहानग्या भीवाला ते सहन झाले नाही. त्याने ठरवले, मुंबईला पळून जायचे आणि गिरणीत पोऱ्या म्हणून लागायचे. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी रात्री काढायचा प्रयत्न केला. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती आली, तर आत निघाला अर्धा आणा! तिथेच त्याने मन पक्के केले की आता अभ्यासच करायचा. गिरणीकामगारांनो, आपल्या खात्यात एक पोऱ्या कमी आला आणि देशाला घटनाकार मिळाला.

पण नुसत्या पोराच्या निश्चयाने शिक्षण होत नाही. कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. त्यातच चूल, जाते, भांडीकुंडी आणि सगळी माणसे. अभ्यासाला जागा कुठली? रामजीबाबांनी तोड काढली. भीमाला लवकर झोपवायचे, आपण रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोनला त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि मग आपण पाठ टेकायची. म्हातारा माणूस! पाळी करून आलेल्या माणसाला विचारा, रात्री दोनपर्यंत जागणे म्हणजे काय असते.

पोराला पुस्तक हवे असले की पैसे नसायचे. मग बाबा लेकीच्या घरी जात. एकीकडे तीन-चार रुपये नाही मिळाले तर दुसरीकडे. तिच्याकडेही रोकड नसली तर तिचा दागिना घ्यायचा, गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. सगळ्या मुलांची फी झेपत नव्हती म्हणून आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, ते असे.

माताभगिनींनो, हे तुम्ही विशेष ध्यानात घ्या. एका भावाच्या पुस्तकात बहिणींचे दागिने होते, दुसऱ्या भावाची शाळा होती, आत्याचे कष्ट होते. मंजुळा-तुळसांच्या स्वतःच्या शिक्षणाविषयी मात्र चरित्रांत फारसे वाचायला मिळत नाही. तो काळ गेला. आज आपल्या घरात फी कमी पडली की कुणाची शाळा आधी थांबते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

रामजीबाबा कबीरपंथी. दारूला शिवत नसत. रोज मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. भीमाने विचारले, ज्यात आपली अवहेलना आहे ते आपण का वाचायचे? बाप आधी रागावला. पण पुढे सवडीने उत्तर दिले की आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड येऊ नये. कर्ण, वाल्मीकी असे साधे लोक किती उंच गेले ते बघा. मुलाला ते पटले नाही. केळुसकर गुरुजींनी दिलेल्या बुद्धचरित्राने त्याची वाट वेगळी झाली. पण प्रश्न विचारणारा पोरगा ज्या घरात टिकला, ते घर रामजींचे होते.

1913 च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. येताना सुरतेला बापासाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पोहोचले. बापाने लेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी प्राण सोडला. लेक त्याच वर्षी अमेरिकेला गेला, ते बघायला बाप नव्हता. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला, तो बाबासाहेबांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

मित्रांनो, बाबासाहेब होणे आपल्या हातात नाही. रामजी होणे मात्र प्रत्येक बापाच्या हातात आहे. त्याला पैसा कमी लागतो, जागरण जास्त लागते. म्हणून समितीला आमची एक विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतला ठराविक हिस्सा विहारातल्या अभ्यासिकेसाठी बाजूला काढावा. परीक्षेच्या दिवसांत विहार रात्री उघडा ठेवावा आणि पोरापोरींच्या सोबतीला एकेका घरच्या बापाने पाळीपाळीने जागावे. पहिल्या रात्रीसाठी आमचे नाव आत्ताच लिहून घ्या. दुसरे नाव कोण देतो, ते सभा संपायच्या आत कळू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!