भीमेच्या पाण्यांतील दोन कुळें

देवळाच्या मंडपांत दगडी कासव दिसलें कीं भाविक त्याला हात लावून नमस्कार करतो. त्याच देवळाच्या घाटाखालीं जिवंत कासवानें डोकें वर काढलें, तर तें कोणत्या जातीचें, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांतून वाहणाऱ्या भीमेविषयीं हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. घोड व मुळा-मुठा यांना पोटांत घेऊन कृष्णेकडे जाणाऱ्या या नदीच्या खोऱ्यांत मऊ पाठीच्या कासवांचीं दोन कुळें आहेत. दिसण्यांत तीं जवळचीं. वंशानें फार दूरचीं.

पहिलें कासव लहान. तळीं, विहिरी, कालवे, त्याला कोठेंही चालतें. भय वाटलें कीं तें मागचे पाय आंत ओढून पोटाखालच्या मऊ झडपा मिटून घेतें. श्रीलंका व ब्रह्मदेश येथील त्याचीं भावंडें सोडलीं, तर त्याचे जवळचे नातलग थेट आफ्रिकेंत आहेत! दुसऱ्या कुळापासून हें घराणें कोट्यवधि वर्षांपूर्वींच निराळें झालें.

दुसरें कासव मोठें, नदीचें, आणि नांवानें अर्धें पुणेरी. ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनीं १८७२ सालीं त्याचें वर्णन केलें, तें पुण्याच्या नमुन्यावरून. नांव दिलें मुंबईचे डॉक्टर लीथ यांचें. पिलांच्या पाठीवर डोळ्यांसारखीं वर्तुळें असतात. भारताच्या द्वीपकल्पाबाहेर हें आढळत नाहीं. २००७ सालीं पेशींतील डीएनए ताडून पाहतां याचें कूळ ब्रह्मदेशांतील कासवाशीं एक ठरलें, व पूर्वीं निरनिराळीं मानलेलीं दोन कुळनांवें एकत्र झालीं. त्याच अभ्यासानें आणखी एक उलगडा केला. चितगांवच्या बायजीद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यांतच उरलें आहे असें मानलेलें काळें कासव ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतही असल्याचें त्यानें निश्चित केलें. डोळ्यांना जें ओळखूं आलें नाहीं, तें रक्तानें सांगितलें.

लीथचें कासव २०२१ सालीं अतिसंकटग्रस्त ठरलें. पुढच्याच वर्षीं पनामा येथील परिषदेंत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. कारणें उघड आहेत. मांसासाठीं त्याची शिकार होते, आणि नदीकांठची वाळू उपसली गेली कीं अंडीं घालण्याची जागाच जाते.

लहान कासवाचें संकट अधिक फसवें आहे. गंगा-सिंधूकडील त्याच्या वंशाच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात. दक्षिणेकडील वंशाची पाठ बिनठिपक्यांची. दोहोंचा डीएनएही निराळा. चोरट्या व्यापारांत पकडलेलें कासव जवळच्या पाण्यांत सोडणें पुण्यकर्म वाटतें, व हेतु चांगलाच असतो. पण ठिपक्यांचें कासव भीमेंत सोडलें, तर दोन वंशांची सरमिसळ होऊन इथला वेगळेपणा पुसला जाईल. मग कोणतीही प्रयोगशाळा तो परत आणूं शकणार नाहीं. म्हणून सोडण्यापूर्वीं पाठ नीट पाहावी, आणि शंका असल्यास रक्ताचा एक थेंब तपासावयास पाठवावा.