आपले माप आपल्यापाशी

मनुष्याच्या मनास जडलेल्या खोडींपैकी एक मोठी विचित्र खोड अशी आहे की, स्वतःच्या घरात काय आहे हे पाहण्यासाठी तो प्रथम शेजाऱ्याच्या अंगणात डोकावतो. आपले घर राहण्याजोगे आहे की नाही, हे तो समोरच्या माडीकडे पाहून ठरवितो. आपला मुलगा शिकला की नाही, हे त्याच्या मावसभावाच्या गुणांवरून ठरवितो. पुण्यासारख्या विद्येच्या नगरीत तर परीक्षेचा निकाल लागला की घरोघर पहिला प्रश्न होतो, 'किती मिळाले?' आणि दुसरा लगेच येतो, 'आणि त्याला किती?' पहिल्या उत्तराने झालेला आनंद पुष्कळदा दुसऱ्या उत्तराने मावळतो. पूर्वी ही मोजदाद निदान आळीपुरती असे. आता हातातल्या मोबाइलच्या पडद्यामुळे सारे जगच शेजारी येऊन बसले आहे, आणि त्यातही ते आपल्या घरातील चुली न दाखविता केवळ दिवाणखाने दाखविते. अशा वेळी 'माझ्या जगण्याला काही अर्थ आहे काय?' असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो, आणि त्याचे उत्तर दुसऱ्याच्या ताटात शोधले गेल्यामुळे ते सापडत नाही.

या प्रश्नाचा विचार नुसत्या उपदेशाने होण्यासारखा नाही. त्यासाठी एखादे जगलेले आयुष्य समोर ठेवावे लागते. सुदैवाने पुणेकरांना त्यासाठी फार दूर जावयास नको. डेक्कनवरून कोथरूडकडे जाणाऱ्या ज्या रस्त्यावर आज वाहनांची रीघ लागलेली असते, त्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेच आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

अण्णासाहेब कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. बालपण कोकणात मुरुडास, बेताच्या परिस्थितीत गेले. शालेय परीक्षेस बसण्यासाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर मुरुडाहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यास पायी गेला. शंभर मैलांहून अधिक वाट चार दिवसांत तुडवून तो परीक्षकांपुढे उभा राहिला, तेव्हा 'तू वयाने लहान दिसतोस' एवढ्या कारणावरून त्याला परत पाठविण्यात आले. मॅट्रिकची परीक्षा ते १८८१ मध्ये उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. पुढे १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले. त्याच वर्षी, त्याच महाविद्यालयातून आणखी एक विद्यार्थी बी. ए. झाला. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते आणि कर्वे सव्वीस वर्षांचे. एकाच सालचे पदवीधर. परंतु एकाने जेथे अठराव्या वर्षी पाऊल ठेवले, तेथे पोहोचावयास दुसऱ्यास आठ वर्षे अधिक लागली.

याच गोखल्यांनी पुढे कर्व्यांना पुण्यास बोलाविले. १८९१ साली कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. येथे तर तुलनेचा प्रसंग अधिकच अवघड होता. लोकमान्य टिळक हे याच संस्थेत गणित शिकवीत असत आणि ते नुकतेच तेथून बाहेर पडले होते. टिळकांची बुद्धी, आगरकरांची लेखणी, गोखल्यांची वाणी अशी माणसे त्या वेळच्या पुण्यात होती. अशा मंडळींत जाऊन बसावयाचे, आणि तेही स्वभावाने अतिशय भिडस्त असलेल्या माणसाने! आपल्या भिडस्तपणाचा उल्लेख अण्णासाहेबांनी स्वतःच प्रांजळपणे केलेला आहे.

अशा स्थितीत सापडलेला मनुष्य सामान्यतः तीनपैकी एका वाटेने जातो. पहिली वाट मत्सराची. आपल्यापाशी जे नाही ते ज्याच्यापाशी आहे, त्याच्यातील दोष शोधीत बसावयाचे. दुसरी वाट नकलेची. गोखल्यांसारखे बोलावयाचे, टिळकांसारखे लिहावयाचे, आणि शेवटी ना धड आपले ना धड त्यांचे असे काहीतरी होऊन बसावयाचे. तिसरी वाट हातपाय गाळण्याची. एवढे मोठे लोक असताना आपण काय करणार, असे म्हणून स्वस्थ बसावयाचे. या तिन्ही वाटा वरकरणी भिन्न दिसल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे. तिन्हींत मनुष्य दुसऱ्याच्या गजाने स्वतःला मोजतो.

अण्णासाहेबांनी या तिन्ही वाटा सोडल्या. आपल्यापाशी काय आहे, याचा त्यांनी गणिताच्या शिक्षकास शोभेल असा शांतपणे हिशेब मांडला, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. सभा जिंकणारी वाणी नव्हती, वादात प्रतिपक्षाला नामोहरम करणारी लेखणी नव्हती. परंतु पायांत चालण्याचे बळ होते. पैपैचा चोख जमाखर्च ठेवण्याची सवय होती. नकार ऐकून पुन्हा त्याच दारी जाण्याइतका धीर होता. आणि एकदा हाती घेतलेले काम वर्षानुवर्षे न सोडण्याची चिकाटी होती. या जिनसा दिसावयास साध्या. त्यांवर कोणी पोवाडे रचीत नाही. पण त्या खरोखर त्यांच्या स्वतःच्या होत्या, आणि म्हणून त्यांवर इमारत उभी राहू शकली.

प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. या विवाहामुळे मुरुडच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावच्या सुधारणेसाठी त्यांनी मुंबईत असता फंड उभारला, तेच गाव त्यांना परके झाले. त्याच वर्षी विधवाविवाहास उत्तेजन देणाऱ्या मंडळीचे काम त्यांनी हाती घेतले. परंतु लोकमताशी उघड झुंज देत राहणे हा त्यांच्या प्रकृतीचा धर्म नव्हता, आणि केवळ विवाहाने विधवांचा प्रश्न सुटणार नाही हेही त्यांना दिसू लागले. विधवा स्त्री शिकली, स्वतःच्या पायांवर उभी राहिली, तर विवाह करावा की न करावा हे ती स्वतः ठरवील. म्हणून १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास एका झोपडीत गेला. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावयाचे, आणि सुमारे चार मैल चालत जाऊन हिंगण्यास मुलींना शिकवावयाचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. साताऱ्याच्या वाटेवर ज्या पायांनी काही मिळवून दिले नव्हते, तेच पाय आता कामास आले.

येथे कोणी सुज्ञ श्रोता आक्षेप घेईल की, आपण जसे आहो तसे आपल्याला पत्करावयाचे म्हटले, तर प्रगती खुंटली! आळशाला हे निमित्तच मिळावयाचे. आक्षेप खोटा नाही. 'माझा स्वभावच असा' म्हणून खाटेवर लोळत पडणारे लोक प्रत्येक आळीत आहेत. परंतु स्वतःचा स्वीकार करणे आणि स्वतःच्या परिस्थितीपुढे मान तुकविणे या दोन गोष्टी एक नव्हेत. अण्णासाहेबांनी आपला भिडस्त स्वभाव पत्करला. विधवांचे दैन्य मात्र त्यांनी 'नशीब' म्हणून क्षणभरही पत्करले नाही.

हाच भेद त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांच्या चरित्रात अधिक ठळक दिसतो. विसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी मुलगा होता. अक्षरओळख झाली ती वयाच्या पंचविशीनंतर. बरोबरीच्या कोणाशी तुलना केली असती, तर 'आता शिकून काय उपयोग?' हेच उत्तर मिळाले असते. पार्वतीबाईंनी तो प्रश्न विचारला नाही. त्या शिकल्या, आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या, वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या. १९१८ साली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, अंगी इंग्रजी अगदी थोडे असता त्या अमेरिकेस गेल्या, तेथे लोकांच्या घरी घरकाम करून भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी द्रव्य मिळवून परतल्या. आपल्याला काय येत नाही हे त्यांनी लपविले नाही, आणि म्हणून ते शिकण्याचा मार्ग त्यांना मोकळा राहिला. उणीव झाकण्यातच ज्याची शक्ती खर्च होते, त्याच्यापाशी ती भरून काढण्यास शक्ती उरत नाही.

दुसऱ्याकडे पाहूच नये असाही याचा अर्थ नाही. अण्णासाहेबांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आले, तेव्हा त्या माहितीच्या आधारे त्यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते प्रत्यक्षात आणले. जपान किती पुढे आणि आपण किती मागे, असे रडगाणे त्यांनी गाइले नाही. आपल्या मुलींना मातृभाषेतून शिकविता येईल असे त्या कल्पनेला त्यांनी वळण दिले. दुसऱ्याच्या दिव्यावर आपला दिवा लावून घेणे निराळे, आणि त्याचा दिवा मोठा म्हणून आपला विझविणे निराळे.

या आयुष्याची एक बाजू मात्र लपवू नये. स्वतःला ओळखून एका कामास वाहून घेतलेल्या मनुष्याच्या घरच्यांना त्याची किंमत मोजावी लागते. अण्णासाहेबांची मिळकत आश्रमाकडे जाई आणि संसाराची ओढाताण आनंदीबाईंच्या वाट्यास येई. त्यांचे 'माझे पुराण' हे आत्मचरित्र वाचणाऱ्यास महर्षींच्या घरातील चूल कशी पेटत होती हे कळते. आनंदीबाईंनीही केवळ थोर पतीची सावली म्हणून राहणे पत्करले नाही. संस्थांसाठी वर्गणी गोळा करीत त्या स्वतःच्या पायांनी हिंडल्या. म्हणून एवढे ध्यानात ठेवणे अवश्य आहे की, आपले माप ओळखणाऱ्याने घरातील दुसऱ्या माणसालाही त्याचे स्वतःचे माप असू दिले पाहिजे.

आता कालाचा हिशेब पाहावा. नामदार गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी निवर्तले. तोवर त्यांनी राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविले होते, भारत सेवक समाज स्थापिला होता आणि त्यांची कीर्ती विलायतेपर्यंत पोहोचली होती. त्या दिवशी कर्वे सत्तावन्नाव्या वर्षात होते, आणि ज्या विद्यापीठामुळे त्यांचे नाव देशभर झाले ते अद्याप निघालेही नव्हते. १९२० मध्ये ठाकरसी कुटुंबाकडून त्या विद्यापीठास पंधरा लाखांची देणगी मिळाली. १९२१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच! १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले आणि पुन्हा थेंबे थेंबे तळे साचविण्यास आरंभ केला. 'भारतरत्न' हा सन्मान मिळाला तो १९५८ साली, शंभरीच्या उंबरठ्यावर. पदवीच्या वर्षापासून मोजले, तर मध्ये चौऱ्याहत्तर वर्षे गेली. दुसऱ्याच्या पसंतीवर ज्याने आपल्या जगण्याचा अर्थ अवलंबून ठेवला असता, तो एवढी वर्षे कशाच्या बळावर चालला असता? १९६२ मध्ये ते निवर्तले तेव्हा हिंगण्याच्या झोपडीतून निघालेले काम पुष्कळ विस्तारले होते.

गोखल्यांचे आयुष्य मोठे की कर्व्यांचे, असा प्रश्न या ठिकाणी कोणी विचारील, तर तो या साऱ्या विवेचनाचा हेतूच विसरला असे म्हणावे लागेल. आंबा लवकर पिकतो म्हणून फणसाने खंत करावयाची नसते. ज्याचा त्याचा हंगाम निराळा. गोखले कर्व्यांना जवळचे होते, आणि त्यांच्याच बोलावण्याने कर्वे पुण्यास आले. ज्याला स्वतःची जागा सापडली आहे, त्यालाच दुसऱ्याच्या मोठेपणाचा निर्मळ आनंद घेता येतो. तुलना सुटली की स्नेह शिल्लक राहतो, हा काही लहान लाभ नव्हे.

गृहस्थाश्रमी मनुष्याने एवढ्या मोठ्या चरित्रातून घ्यावयाचे ते थोडेच आहे. प्रत्येकाने विद्यापीठ काढावे असे कोणी म्हणत नाही. तसे म्हणणे हीही पुन्हा तुलनाच होईल. दिवस मावळताना 'आज कोण माझ्या पुढे गेला?' असे विचारण्याऐवजी 'माझ्यापाशी जे होते, ते आज कोणाच्या उपयोगी पडले?' एवढे विचारावे. आणि निकालाच्या दिवशी मूल घरी येईल, तेव्हा शेजारच्या मुलाचे गुण विचारण्यापूर्वी त्याला एकच गोष्ट विचारावी, 'यंदा तुला कोणता विषय मनापासून आवडला?' त्या उत्तरात त्याच्या पुढील वाटेची खूण असण्याचा संभव आहे. ती ऐकून घेणे हे वडीलधाऱ्यांचे काम. चालणे हे त्याच्या पायांचे.