छापील पल्ला आणि चिपळूणचा रस्ता



2001 साली बंगळूरहून ‘रेवा’ ही विजेवर चालणारी चिमुकली मोटार बाजारात आली. एकदा चार्ज केली की ती सुमारे 80 किलोमीटर जाई. लंडनच्या रस्त्यांवरही ती ‘जी-विझ’ या नावाने धावली. आपल्याकडे मात्र तिचे कौतुक करणारे पुष्कळ निघाले, घेणारे थोडे. मध्यमवर्गीय गृहस्थाचा प्रश्न एकच होता : वाटेत बॅटरी संपली तर? आज बॅटऱ्या कितीतरी पटींनी सुधारल्या, तरी प्रश्न तोच आहे आणि तो रास्तही आहे. घरात मोटार एकच असते. कचेरी, दवाखाना, लग्नकार्य, गावचा गणपती, सारे तिच्याच भरवशावर.

माहितीपत्रकातील पल्ला खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेतला असतो. आपल्या देशातील ठरावीक चाचणीचक्रात वेगाची कमाल मर्यादा ताशी 90 किलोमीटर, सरासरी त्याहून पुष्कळच कमी. वातानुकूलन बंद, घाट नाही, टपावर सामान नाही. 2024 च्या उत्तरार्धात उत्पादकांनी शहरी टप्प्याबरोबर शहराबाहेरचा टप्पाही हिशेबात धरून आकडे देण्यास आरंभ केला. तेव्हा टाटांच्या नेक्सॉनच्या लहान बॅटरीच्या मोटारीचा पल्ला 325 वरून 275 वर आला. मोटार तीच, बॅटरी तीच. मोजपट्टी तेवढी बदलली!

आता हिशेब हाताने करून पाहू. बॅटरी 30 युनिटची. शहरात सावकाश चालविल्यास एका युनिटला साधारण सात किलोमीटर मिळतात. महामार्गावर ताशी 100 चा वेग ठेवला की हवेचा रोध झपाट्याने वाढतो आणि तेच पाचवर येतात. शेवटचे 15 टक्के कोणी शहाणा माणूस वापरत नाही. म्हणजे शहरात पावणेदोनशेच्या आसपास, महामार्गावर सव्वाशेच्या थोडे पुढे. पेट्रोलची मोटार गर्दीत अधिक पिते, ही मोकळ्या रस्त्यावर; जुन्या सवयीच्या चालकाला हे उलटे गणित पटायला वेळ लागतो.

रोज 40 किलोमीटर फिरणाऱ्या पुणेकराला हा पल्ला भरपूर झाला. सहा-सात युनिटे रात्री 15 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तीन तासांत भरून निघतात. परंतु ते सॉकेट आहे कोठे? बंगलेवाल्याचे अंगणात आहे. सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला वाहनतळापर्यंत स्वतःच्या मीटरची तार ओढायची, तर आधी कार्यकारिणीची बैठक. खरी अडचण पुष्कळदा बॅटरीत नसते, त्या बैठकीत असते.

गणपतीत याच कुटुंबाला उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट करीत चिपळूणला जायचे आहे. अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक. वाटेत साताऱ्याच्या आसपास जलद चार्जिंगसाठी तास-पाऊण तास थांबावे लागेल. 80 टक्क्यांनंतर बॅटरी मुद्दामच सावकाश भरते, म्हणून तेथेच निघणे श्रेयस्कर. पुढे घाट उतरताना चाकांची गती पुन्हा वीज होऊन बॅटरीत परतते, हा आनंदाचा भाग. परतीला तोच घाट चढायचा असतो. दीड टनाची भरलेली मोटार 600 मीटर वर न्यायची तर केवळ उंचीसाठीच अडीच युनिटे लागतात. प्रत्यक्षात तीन धरावीत. त्यासाठी गावच्या घरी रात्रभर चार्जिंग हवे. आणि तेथे जुनी तार, नावापुरते अर्थिंग आणि भाद्रपदातला पाऊस. निघण्यापूर्वी गावच्या वायरमनला एक फोन करून अर्थिंग तपासून घेतले, तर आरतीच्या वेळी कोणाचे लक्ष अंगणातल्या मोटारीकडे लागून राहणार नाही.