रायफलीचा धक्का आणि खांद्याची साक्ष

जुन्नर तालुक्यातील ओतूर हे गाव कपर्दिकेश्वराच्या देवळासाठी व कांद्याच्या बाजारासाठी सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा गावी पलटणीतून पेन्शनीत आलेल्या दोन माणसांची पारावर गाठ पडली, आणि त्यांतील एकाच्या उमेदीची वर्षे थ्री-नॉट-थ्री रायफलीबरोबर व दुसऱ्याची एसएलआरबरोबर गेली असली, म्हणजे कोणती बंदूक अधिक लाथ मारी हा वाद निघाल्यावाचून राहत नाही. थोरला म्हणतो, "अरे, आमच्या बंदुकीने खांदे काळेनिळे पडत. तुमचे काम म्हणजे पाळण्यातले!" धाकटा म्हणतो, "तात्या, तुम्ही एक गोळी झाडून बोल्ट ओढीत बसायचा. आम्ही वीस गोळ्या लागोपाठ झाडीत होतो. हात कोणाचा भरून येई ते सांगा." दोघेही खरे बोलत असतात. खांदा हा प्रामाणिक साक्षीदार होय. परंतु त्याला विचारलेला प्रश्न एक असतो, आणि तो उत्तर देतो भलत्याच प्रश्नाचे.

प्रश्न असतो तो धक्का किती, हा. त्याचे गणित अवघड नाही. गोळी जितक्या जोराने पुढे जाते, तितक्याच जोराने बंदूक मागे येते. न्यूटनचा तिसरा नियम येथे यत्किंचितही सूट देत नाही. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची व तिचा वेग सेकंदास सुमारे ७४५ मीटर. एसएलआरची ७.६२ मिलिमीटरची गोळी सुमारे ९.४ ग्रॅमची, पण वेग सुमारे ८४० मीटर. वजन व वेग यांचा गुणाकार केला, आणि नळीतून गोळीमागोमाग उसळणाऱ्या वायूचा हिस्सा त्यात मिळविला, म्हणजे दोन्ही बंदुकींचा धक्का जवळजवळ सारखाच भरतो. मग थोरल्याचा खांदा खोटे बोलतो काय?

याचा उलगडा होण्यास एक उत्तम योग आपल्याच देशात जुळून आला. १९६२ च्या चीन-युद्धात भारतीय जवानांच्या हाती मुख्यतः थ्री-नॉट-थ्रीच होती. त्यानंतरच्या काळात बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यातून एकाच ७.६२ काडतुसाच्या दोन बंदुका बाहेर पडल्या. एक, जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या धर्तीची, दर गोळीस हाताने बोल्ट ओढावयाची. दुसरी, बेल्जियममधील फाल रायफलीवरून घेतलेली अर्धस्वयंचलित, म्हणजेच एसएलआर. काडतूस तेच, वजनही दोन्हींचे साडेचार किलोच्या आसपास. तरी पहिली खांद्याला ठोसा देते आणि दुसरी ढकलते.

ओतूरच्या बाजारात कांद्याची गोणी ट्रकमधून खाली घेणारा हमाल पाहिला म्हणजे याचे कारण ध्यानात येते. मुरलेला हमाल गोणी अंगावर येताच गुडघे वाकवून तिच्याबरोबर चार बोटे खाली जातो. नवखा ताठ उभा राहतो आणि कळवळतो. गोणी दोघांचीही तेवढ्याच वजनाची. हाताने चालवावयाची बंदूक ताठ उभी राहणारी आहे. गोळी नळीतून सुटण्यास सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून किंचित अधिक काळ लागतो, आणि तेवढ्यातच सारा हिशेब चुकता होतो. एसएलआरमध्ये नळीतील थोडा वायू वरच्या बाजूच्या नळकांड्यात शिरून दट्ट्या मागे लोटतो, दट्ट्या बोल्टला लोटतो, बोल्ट दस्त्यातील स्प्रिंग दाबीत मागे जातो व पुन्हा पुढे येतो. या फेरीस सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग लागतो. धक्क्याचा एक हिस्सा असा हप्त्याहप्त्याने फेडला जातो. कर्जाची रक्कम कमी होत नाही, हे मात्र विसरता कामा नये.

दुसरा फरक दस्त्याचा. थ्री-नॉट-थ्रीचा दस्ता नळीच्या रेषेखाली वाकलेला, म्हणून धक्क्यासरशी तोंड वर उचलले जाते व गालावर चापट बसते. एसएलआरचा दस्ता नळीच्या रेषेत बराचसा सरळ आहे.

अर्धस्वयंचलित म्हटल्या म्हणजे साऱ्या मवाळ, असेही नव्हे. जर्मनांनी १९५९ साली स्वीकारलेली व पुढे पाकिस्तानी सैन्याने घेतलेली जी-थ्री रायफल तेच ७.६२ काडतूस झाडते. पण तिच्यात दट्ट्या नाही. काडतुसाचे टरफलच बोल्टला मागे रेटते, दोन लहान रोळ त्याला क्षणभर अडवितात, आणि मग तो वेगाने मागच्या भिंतीवर आदळतो. ती झाडणारे बहुधा तिचा धक्का एसएलआरपेक्षा तीक्ष्ण असल्याचे सांगतात. अमेरिकनांची १९३६ ची गॅरंड याहून थोरले काडतूस वापरी, पण तिचे ४.३ किलो वजन बरेच काही सोशी. याच काडतुसांच्या बंदुका यंत्रगनसारख्या सलग चालविल्या, तर दुसरी-तिसरी गोळी आभाळात जाते; म्हणूनच ब्रिटिशांनी व भारतानेही नेहमीच्या एसएलआरमधून ती सोय काढून टाकली. हा निर्णय प्रत्यक्षात धक्क्यानेच घेतला, असे म्हणण्यास हरकत नाही.

एसएलआरला वायू कमीअधिक करण्याची एक चावी असते. घाण साचून बंदूक अडू लागली की घाबरा शिपाई ती चावी पार आवळतो. मग गरजेहून अधिक वायू दट्ट्यावर जातो, बोल्ट दाणकन मागे आपटतो आणि दोष येतो बंदुकीवर. एकाच चांदमारीवर शेजारी शेजारी पडलेले दोन जवान एकाच बंदुकीविषयी दोन मते देतात, त्याचे मूळ पुष्कळदा या चावीत असते.

परंतु खरी हानी खांद्याची नसून नेमाची आहे. रिक्रुटाच्या मॅगझिनमध्ये उस्ताद त्याच्या नकळत एखादे पोकळ काडतूस घालून ठेवतो. चाप ओढला जातो, आवाज नाही, धक्का नाही, तरीही पोराचा खांदा पुढे झेपावतो व नळीचे तोंड खाली जाते. न बसलेल्या धक्क्याला दिलेले हे उत्तर! कान नीट झाकले की तीच बंदूक मऊ वाटू लागते, यावरून या भीतीत आवाजाचा वाटा केवढा आहे तेही कळते. शरीरयष्टीचा प्रश्न वेगळाच. थ्री-नॉट-थ्रीचे दस्ते चार लांबींचे मिळत, ते ठेंगण्या व उंच माणसांचा विचार करूनच. मावळी बांध्याच्या पोराला लांब दस्ता दिला, तर तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर टेकतो, आणि मग काळेनिळे पडणे ओघानेच येते. त्यात पोराच्या नाजूकपणाचा काही संबंध नाही.

पुढे भारताने ५.५६ मिलिमीटरची इन्सास स्वीकारली आणि धक्क्याचा वाद काही काळ थंडावला. तो पुन्हा उठला आहे. २०१९ साली ७२,४०० व २०२४ साली आणखी ७३,००० सिग ७१६ रायफली मागविण्यात आल्या; काडतूस पुन्हा ७.६२ चेच, एसएलआरचे. फक्त ही रायफल एसएलआरहून अर्ध्या किलोहून अधिक हलकी आहे, आणि डोंगर चढताना सुखाचे वाटणारे ते अर्धा किलो वजन चाप ओढताना खांदा परत मागतो. एक बरे, की तिचा दस्ता पुढेमागे सरकविता येतो. आखूड हातांच्या पोराला तो आता कोठारातून वेगळा मागवावा लागत नाही.