मापात पाप
(सोयगाव येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



सोयगाव कापसाचा तालुका. मापात पाप म्हणजे काय, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कापूस विकायला गेलेला माणूस काट्यावरून नजर हलवत नाही. कुरआनात माप मारणाऱ्यांच्या नावाची वेगळी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. आता काटा इलेक्ट्रॉनिक झाला, म्हणजे त्यात प्रोग्राम आला. आणि प्रोग्राम तुम्ही-आम्ही लिहितो.

२०१५ मध्ये फोक्सवॅगन पकडली गेली ती याच पापात. डिझेल गाडीतलं सॉफ्टवेअर स्टिअरिंग आणि वेग बघून ओळखायचं, की चाचणी चालू आहे. तेवढ्यापुरता धूर साफ. रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइड अमेरिकी मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली आणि कंपनीला ३ लाख २३ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जेम्स लियांग हा काही कंपनीचा मालक नव्हता, इंजिनिअर होता. इंजिन नियमात बसत नाही हे कळल्यावर त्यांनी चाचणीलाच फसवलं. २०१७ मध्ये त्याला ४० महिन्यांची कैद झाली.

हे उघडकीला आलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्या गटामुळे. त्यात आपल्याकडून गेलेले अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना होते. त्यांनी मोजण्याची यंत्रं गाडीत ठेवली आणि गाडी रस्त्यावर नेली. एवढंच!

एआयसीटीईने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात मानवी मूल्यांचा विषय घेतला, चांगलंच झालं. पण पहिल्या वर्षी मूल्यं आणि तिसऱ्या वर्षी लॅबमध्ये त्याबद्दल एक शब्द नाही, असं असेल तर मुलांना वाटतं, तो पेपर सुटला. माझं म्हणणं, हा प्रश्न व्हायव्हात विचारा: तुमचा प्रोग्राम कुणाचं माप मारतो?

रेशनच्या मशीनचंच घ्या. वेचणी-खुरपणी करून झिजलेला अंगठा जुळत नाही. पुढे काय? मशीन नुसतं 'एरर' म्हणतं, की धान्य मिळायची दुसरी वाट दाखवतं? ती ओळ कुणीतरी लिहिलेली असते. त्या बाईचं धान्य तेवढ्या वेळापुरतं लिहिणाऱ्याकडे अमानत असतं. डेमोत सगळं चालतं, कारण अंगठा आपलाच असतो, लॅपटॉपवर वाढलेला.

सरांनी विचारलं नाही तर शेजारच्याच्या प्रोजेक्टला तुम्ही विचारा. आणि सबमिशनच्या आधी एकदा घरी जाऊन आजीचा अंगठा लावून बघा.