सात गुंठे



मुस्लिम मुलीला भावाच्या निम्माच वारसा मिळतो, हे वाक्य आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्या निम्म्यावर वाद घालायला मीही तयार आहे. पण तो निम्मा तरी किती जणींच्या हाती पडतो, हे कुणी विचारत नाही.

हिशेब मांडूनच पाहू. हनफी पंथाचे एक गृहस्थ वारले. आईवडील आधीच गेलेले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. देणी फेडून एक एकर जमीन उरली, म्हणजे ४० गुंठे. मुलंबाळं असल्यानं पत्नीला आठवा हिस्सा, ५ गुंठे. राहिलेल्या ३५ चे पाच वाटे करायचे; मुलाला दोन, मुलीला एक. मुलगे प्रत्येकी १४, मुलगी ७. कुराणाच्या चौथ्या सूरेतले हे हिस्से. बापानं डोळे मिटले त्याच क्षणी ते सात गुंठे तिचे होतात, त्याला भावाची परवानगी लागत नाही.

आणि प्रत्यक्षात? चाळिसावा उरकतो, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जायचं ठरतं आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. ‘तुझ्या लग्नात काय कमी दिलं?’ वास्तविक जहेज वारशातून वजा करा, असं शरियत कुठंही सांगत नाही. मेहर तर नवऱ्यानं द्यायचा, त्याचा माहेरच्या जमिनीशी संबंधच नाही. पण ईदेला माहेरी यायचं असतं, म्हणून ती सही करते. (हिंदू भगिनींनी फार हसू नये. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतरही राखीपौर्णिमेच्या धाकानं हेच कागद होतात.)

हे आजचं नाही. १८४७ साली मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात खोजा या मुस्लिम समाजातल्या मुलींनी वडिलांच्या मिळकतीत कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे प्रश्न होता, की धर्मग्रंथ मानायचा की जमातीची रूढी? मुलींना वारसा न देण्याची रूढी त्यांनी ग्राह्य धरली आणि मुली हरल्या. बायकांनी शरियत मागावी आणि पुरुषांनी रूढीचा आधार घ्यावा, हे चित्र आपल्या नेहमीच्या समजुतीत बसत नाही. म्हणून तर मी ते मुद्दाम सांगतो.

पुढं १९३७ चा शरियत कायदा आला. रूढीखाली मुस्लिम स्त्रीची स्थिती लाजिरवाणी आहे आणि तिच्या संघटनाच शरियत मागताहेत, असं त्या विधेयकाच्या उद्देशांत नोंदवलं होतं. पण कलम दोनमध्ये एक कंस पडला: शेतजमिनीचे प्रश्न वगळून. शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती, हे तांत्रिक कारण खरंच. पंजाबातल्या जमीनदारांना ते सोयीचंही होतं. म्हणजे आपल्या उदाहरणातलं ते एक एकर शेत असेल, तर या कायद्याचा हात तिथपर्यंत पोचत नाही. रूढीला दार उघडं राहतं. मद्रासनं १९४९ मध्ये आणि केरळनं १९६३ मध्ये शेतजमीनही आत घेतली. शहाबानोच्या पोटगीच्या प्रकरणात शरियत वाचवायला रस्त्यावर उतरलेल्यांपैकी त्या कंसासाठी किती जण उतरले?

एक गोष्ट मात्र घरी जाऊन आयाबहिणींना जरूर सांगा. सातबाऱ्यावर नाव लागलं नाही म्हणून हिस्सा बुडत नाही. फेरफार ही महसुली नोंद, मालकी त्यावरून ठरत नाही. हिस्सा जातो तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं. बाप हयात असताना ‘मला काही नको’ असं लिहून घेतलेला कागद मुळात निरर्थक, कारण तेव्हा तिच्याकडे सोडायला हक्कच नसतो. पण त्याच्या मोबदल्यात तिनं काही घेतलं असेल, तर पुढं कोर्ट तिला अडवू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे.

आणि ज्या बापाला मुलीला बरोबरीनं द्यायचं आहे, त्याला शरियत आडवी येत नाही. मृत्युपत्रानं तिसऱ्या हिश्शाहून जास्त देता येत नाही, आणि वारसाला द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते. पण हिबा, म्हणजे जिवंतपणी ताबा देऊन केलेलं दान, त्याला अशी मर्यादा नाही. ही वाट बापांना चांगली ठाऊक आहे. बहुतेकदा ते तिचा वापर मुलग्यांसाठी करतात.